ऑटोक्रॉस आणि ट्रॅक डेसाठी टायर कुठले घ्यायचे: २०० ट्रेडवेअरवाल्यांचा माझा रिव्ह्यू

"सगळ्यात जास्त ग्रिप कुठल्या टायरला?" हा प्रश्न इथे डेट्रॉइटच्या आसपास राहणारे आपले लोक दर एप्रिलला विचारतात, म्हणजे बर्फ वितळला, गाडी गॅरेजमधनं बाहेर आली आणि कंपनीचा बोनस जमा झाला की हमखास. आणि दरवेळी मी उलटा प्रश्न टाकतो, की बाबा तू तो टायर सलग किती वेळ तापवणार आहेस, पन्नास सेकंद की वीस मिनिटं? कारण सगळी गोम तिथेच आहे. ऑटोक्रॉसला, म्हणजे केशरी कोन मांडून घड्याळाशी होणाऱ्या मिनिटभराच्या स्पर्धेला, जो टायर देव वाटतो तोच ट्रॅकवर पाचव्या लॅपला बर्फावर चालल्यासारखा सुटतो, आणि ट्रॅकवर दिवसभर घासूनही न दमणारा टायर सकाळी आठ वाजता थंड पार्किंग लॉटमध्ये पहिल्या कोनपाशीच सरळ निघून जातो.

माझी गाडी टोयोटा जीआर ८६, बेस मॉडेल, १७ इंची चाकं. वजन साधारण २८०० पाउंड, म्हणजे पावणेतेराशे किलोच्या आत-बाहेर, मागची चाकं ओढतात, पॉवर माफक. म्हणजे टायरला फार छळणारी गाडी नाही ही. तुमच्याकडे मस्टँग किंवा कॅमॅरो असेल तर खालचं सगळं वाचताना टायरचं आयुष्य मनातल्या मनात अर्धं करा. मी स्वतः हँकुक व्हेंटस आर-एस४, फाल्कन अझेनिस आरटी६६०, ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस आणि कुम्हो एक्स्टा व्ही७३० वापरलेत. योकोहामा अॅडव्हान ए०५२ आणि कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट फोर्स मित्रांच्या गाड्यांवर चालवलेत, त्यातली एक माझ्दाची छोटी मियाटा आणि एक माझ्यासारखीच ८६. सगळे टायर आम्ही पैसे मोजून घेतलेले आहेत, फुकट कुणी काही दिलेलं नाही (कुणी देणार असेल तर माझी ना नाही).

आधी त्या २०० च्या भानगडीबद्दल बोलू, कारण याच्यावरून लोक फार गोंधळतात. टायरच्या साइडवॉलवर ट्रेडवेअर असा आकडा छापलेला असतो. अमेरिकेत रोडसाठी विकल्या जाणाऱ्या कारच्या बहुतेक टायरांना हा आकडा, ट्रॅक्शनचा ग्रेड आणि टेम्परेचरचा ग्रेड असे तीन ग्रेड लावावे लागतात. ट्रेडवेअरची टेस्ट टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या आसपासच्या रस्त्यांवर होते, गाड्यांचा ताफा ७२०० मैल फिरवतात, म्हणजे साडेअकरा हजार किलोमीटर, आणि एका ठरलेल्या संदर्भ टायरला १०० धरून बाकीच्यांची झीज मोजतात. म्हणजे कागदावर २०० वाला टायर त्या संदर्भ टायरच्या दुप्पट टिकायला हवा. पण आकडा छापणार कोण? स्वतः कंपनीच. सरकार प्रत्येक टायर घेऊन टेस्ट करत बसत नाही. त्यामुळे एका कंपनीचे २०० आणि दुसऱ्या कंपनीचे २०० यांची तुलना करणं म्हणजे निव्वळ टाइमपास. ए०५२ वर २०० लिहिलंय आणि आर-एस४ वर पण २०० च लिहिलंय, आणि दोन्ही वापरलेला कुठलाही माणूस सांगेल की हे दोन एका गावचे नाहीत.

मग सगळ्या कंपन्या नेमका २०० च का छापतात? कारण नियम. इथे ऑटोक्रॉस मुख्यतः एससीसीए भरवते, स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, १९४४ पासूनची संस्था, आणि त्यांच्या स्ट्रीट कॅटेगरीत, म्हणजे जवळपास कंपनीतनं आली तशीच गाडी चालवायच्या गटात, टायरचं ट्रेडवेअर २०० च्या खाली चालत नाही. बाकीच्या बऱ्याच क्लबांनी हीच रेघ उचलली. मग काय, कंपन्यांनी त्या रेघेला नाक टेकवून टायर बनवायला सुरुवात केली. त्यामुळे २०० चा अर्थ "हा टायर टिकाऊ आहे" असा धरू नका, या टायरला क्लासमध्ये प्रवेश आहे एवढाच धरा.

यातली अजून एक गंमत. "स्ट्रीट लीगल" म्हणजे फक्त डीओटीचा, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा शिक्का, रस्त्यावर चालवायची परवानगी. इंडियानाच्या हूझियर कंपनीचा ए७ टायर घ्या, त्यावर डीओटी आहे, म्हणजे कायद्याने तुम्ही त्याच्यावर दूध आणायला जाऊ शकता, पण ट्रेडवेअर ४०, नक्षी म्हणजे नावाला दोन खाचा, पावसात गाडी गेलीच समजा. टोयो आर८८८आर आणि निटो एनटी०१ वर १००. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट कप २ वर १८०, म्हणजे पोर्शेबरोबर कारखान्यातनं येणारा एवढा भारी आणि महागडा टायर, तो मात्र २०० च्या नियमात बसत नाही. एका काकांनी हौसेने त्यांच्या केमनवर कप २ चढवले आणि टेक इन्स्पेक्शनला, म्हणजे इव्हेंटच्या आधीच्या गाडी तपासणीला, कळलं की आता स्ट्रीट क्लास विसरा. त्यामुळे टायर घ्यायच्या आधी तुमच्या क्लबचं नियमपुस्तक वाचा, आणि ते चालू वर्षाचंच वाचा, कारण नियम बदलतात.

ऑटोक्रॉस

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मोठा पार्किंग लॉट किंवा जुनी धावपट्टी, त्यावर केशरी कोन मांडून वळणावळणाचा कोर्स, एकावेळी एक गाडी, घड्याळाशी स्पर्धा. एक रन साधारण ४५ ते ६० सेकंदांचा, दिवसात चार-सहा रन मिळतात. कोन पाडला की प्रत्येकी २ सेकंद दंड. बाकीचा दिवस उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले कोन उचलायचे. दोन रनमध्ये बऱ्यापैकी गॅप असतो त्यामुळे टायर पुन्हा थंड होतो. म्हणजे इथे तोच टायर लागतो जो थंडच चिकटतो.

आरई-७१आरएस हा या कामात माझा आवडता. याच्या आधीचा आरई-७१आर २०१५ मध्ये इथे आला तेव्हा त्याने सगळ्यांची गणितं बिघडवली होती, तोपर्यंत जे टायर ट्रॉफ्या घेत होते ते एका सीझनमध्ये जुने दिसायला लागले. आरएस त्याचा पुढचा. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं, मधे विचार करायला वेळ घेत नाही. स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीने मांडलेल्या कोनांमधनं डावी-उजवी करताना, हा फरक सगळ्यात जास्त कळतो कारण साइडवॉल ताठ आहे, गाडी एका बाजूने दुसरीकडे जाताना टायर लोळत नाही. पहिल्या रनलाच ऐंशी-नव्वद टक्के ग्रिप हजर. आणि सुटतो तेव्हा सांगून सुटतो, मागची बाजू हळूहळू बाहेर येते, सावरता येते.

ए०५२ थोडा वेगळ्या स्वभावाचा आहे. निव्वळ ग्रिप बघितली तर मला तो ब्रिजस्टोनपेक्षा किंचित वरचढ वाटला, विशेषतः थंडीत. मिशिगनमध्ये एप्रिल-मेच्या इव्हेंटला सकाळी सात-आठ डिग्री सेल्सियस असतं, त्यात बाकी टायर कुडकुडत असताना हा गपगुमान डांबराला धरून असतो. पण स्टिअरिंगला जरा मऊ लागतो, वळवलं की एक क्षण टायर बसतो आणि मग गाडी वळते, याची सवय व्हावी लागते. पावसात तर या गटात त्याला तोड नाही, नक्षी बघून विश्वास बसत नाही पण ओल्या इव्हेंटला तोच निवडा. मापाला ऐसपैस आहे, म्हणजे २४५ (मिलिमीटर रुंदी) लिहिलेला ए०५२ दुसऱ्या कंपनीच्या २४५ शेजारी ठेवला तर रुंद दिसतो, आतल्या बाजूला स्ट्रटला, म्हणजे सस्पेन्शनच्या खांबाला, घासतोय का ते आधी बघा. आणि तोटा एकच पण मोठा, तो झिजतो म्हणजे काय झिजतो! दोन ड्रायव्हर एकाच गाडीवर असतील तर दोघांचे रन लागोपाठ होतात, मग हा तापून चिकट-बुळबुळीत होतो. तुम्ही ऑटोक्रॉसला लोकांना बागेत फवारणी करायचा पंप घेऊन टायरवर पाणी मारताना बघितलं असेल तर त्यातले अर्धे ए०५२ वाले असतात. आमच्याकडे मित्राची बायको फर्स्ट ड्रायव्हर, मित्र सेकंड, आणि मधल्या वेळात मी पंपवाला. चहासुद्धा विचारत नाहीत.

आर-एस४ ऑटोक्रॉसला चालतो का? चालतो, पण पहिले दोन रन विसरा. थंडीत अगदी लाकूड. उन्हाळ्यात जुलैच्या दुपारी काळं डांबर तापलेलं असलं की बरा. माझ्या हातात, एका पन्नास सेकंदांच्या कोर्सवर, आर-एस४ आणि ७१आरएस यात सेकंदभराचा तरी फरक पडतो असा माझा अंदाज आहे. इथे क्लासमधली जागा दहाव्या-शंभराव्या भागाने ठरते, त्यामुळे तो सेकंद फार मोठा. पण नवीन माणसाचं काय होतं, तो सेकंद टायरने कमावतो आणि एक कोन पाडून दोन घालवतो. म्हणून पहिलं वर्ष तुमची गाडी ज्या टायरवर आली त्याच टायरवर चालवा असं मी सगळ्यांना सांगतो आणि कुणीही ऐकत नाही. माझ्या गाडीबरोबर मिशेलिन प्रायमसी एचपी आले होते, अगदी साधे टूरिंग टायर, ओरडतात खूप, पण ते ओरडणं म्हणजे फुकटची शिकवणी आहे, लिमिट कुठे आहे ते कानाला कळतं. हे चिकट टायर फार आवाज करत नाहीत, आणि सुटतात तेव्हा स्पीड जास्त असतो.

डांबर की काँक्रीट हापण विचार करा. एससीसीएची नॅशनल्स, म्हणजे देशपातळीवरची स्पर्धा, बरीच वर्षं सप्टेंबरला नेब्रास्कामधल्या लिंकनला भरत आली, तिथे काँक्रीट. आपल्याकडे मिशिगनमध्ये उत्तरेला ऑस्कोडाला जुना बी-५२ विमानांचा एअरबेस आहे, तिथेही मोठे इव्हेंट होतात. काँक्रीटवर ग्रिप भरपूर, पण कानसेसारखं घासतं. तिथनं घरी आल्यावर टायरच्या बाहेरच्या कडेवरून हात फिरवला की पैसे कुठे गेले ते कळतं.

ट्रॅक डे

ट्रॅक डे म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी मनसोक्त चालवायचा दिवस, आणि इथे खेळच बदलतो. वीस-पंचवीस मिनिटांचं सेशन, दिवसात चार-पाच सेशन, आणि टायर गरम होऊन परत थंड व्हायला मधे तास-दीड तास. माझा नेहमीचा ट्रॅक साउथ हेवनजवळचा जिंजरमॅन, ११ वळणं, आजूबाजूला भिंती जवळजवळ नाहीत त्यामुळे नवख्यांना एकदम बेस्ट, चुकलात तर गवतात जाता, बंपर आणि इभ्रत दोन्ही बऱ्यापैकी शाबूत राहतात. घराजवळ क्लार्कस्टनला वॉटरफर्ड हिल्स आहे, छोटा नि अरुंद, तिथे चुकायची सोय नाही.

ट्रॅकवर ए०५२ चे पहिले तीन-चार लॅप म्हणजे स्वर्ग. मग तापतो, आणि मग गाडी प्रत्येक वळणात थोडी थोडी बाहेर तरंगायला लागते. तुम्हाला वाटतं आपणच वाईट चालवतोय. खरं म्हणजे रबर त्याच्या कामाच्या टेम्परेचरच्या वर गेलेलं असतं आणि तरीही तुम्ही ताणत राहिलात तर बाहेरच्या कडेचे तुकडे उडतात. टाइम अटॅकवाले, म्हणजे ज्यांना एकच फास्ट लॅप लावायचा असतो, ते हाच टायर घेतात आणि बरोबरच करतात, एक लॅप गरम करायला, एक जोरात, एक थंड करायला आणि पिटमध्ये. पण ज्याला वीस मिनिटं सलग चालवून मजा घ्यायची आहे त्याचे पैसे वाया. ७१आरएस याबाबतीत जरा बरा, मधले दोन लॅप हळू घेतले की परत शुद्धीवर येतो.

आणि इथे आर-एस४ चा दिवस असतो. पहिला लॅप जपून, दुसऱ्याला जागा होतो, आणि मग झेंडा पडेपर्यंत तोच टायर, तोच प्रतिसाद. शेवटच्या लॅपला पहिल्यासारखाच ब्रेकिंग पॉइंट. जुन्या स्वस्त गाड्या घेऊन लेमन्ससारख्या तासन्‌तास चालणाऱ्या रेस करणारे लोक वर्षानुवर्षं हा टायर उगाच नाही घेत. टाइम बघितला तर ७१आरएसपेक्षा दोन-अडीच सेकंद हळू असेन मी जिंजरमॅनला, पण शिकायचं असेल तर एकसारखं वागणारा टायरच पाहिजे, नाहीतर लॅप बिघडला तो ड्रायव्हरमुळे की टायरमुळे हे कळतच नाही. तक्रारी दोन. ओल्या ट्रॅकवर अजिबात भरवसा नाही. आणि अर्धा झिजल्यावर हायवेला असा घुमतो की बायकोने विचारलं होतं बेअरिंग गेलं का.

आरटी६६० मधला मार्ग. थंडीत आर-एस४ पेक्षा लवकर जागा होतो, ट्रॅकवर ए०५२ पेक्षा जास्त तग धरतो, कशातच पहिला नाही पण कशात नापासही नाही. ज्याच्याकडे चाकांचा एकच एक्स्ट्रा सेट आहे आणि दोन्ही करायचंय त्याने डोळे झाकून हा किंवा कुम्हो व्ही७३० घ्यावा. व्ही७३० ला वळताना टोक थोडं बोथट वाटतं, पण किमतीच्या मानाने देतो खूप. नानकांग सीआर-एस बद्दल इथल्या पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकवर गाड्या लावतात तिथे, चांगलंच बोलतात, मी चालवलेला नाही त्यामुळे मार्क देत नाही. कॉन्टिनेंटलचा फोर्स मात्र मला मनापासून आवडला. हूझियर कंपनी २०१६ पासून कॉन्टिनेंटलकडेच आहे, आणि उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या ट्रॅकवर हा टायर ज्या शांतपणे चालतो ते बघून माझा आपला अंदाज की ते घराणं इथे दिसतंय. ऑटोक्रॉसला तो ७१आरएसच्या मागे पडतो, पण ट्रॅकसाठी आज मला एकच सेट घ्यायचा असेल आणि खिशात आर-एस४ पेक्षा थोडे जास्त पैसे असतील तर मी हा घेईन.

एक गोष्ट लोक विसरतात. टायरची ग्रिप वाढली की बाकी गाडीवरचा भार वाढतो. ब्रेक जास्त जोरात लागतात म्हणजे ब्रेक फ्लुइड जास्त तापतं, साध्या फ्लुइडवर पेडल मऊ होऊन जमिनीला लागू शकतं. लांब वळणात इंजिनमधलं ऑइल एका बाजूला जातं. व्हील बेअरिंग, बुश सगळ्यांवर ताण. म्हणजे टायरच्या आधी चांगलं फ्लुइड आणि पॅड, हा खर्चाचा क्रम ठेवा.

माप, कॅम्बर, हवा

स्ट्रीट कॅटेगरीत रिमची रुंदी ओरिजिनलच ठेवावी लागते, डायमीटर एक इंच वर-खाली चालतो, पण टायर बसेल तेवढा रुंद घालता येतो. माझी रिम साडेसात इंची आणि कंपनीचा टायर २१५. मी २२५ ला खूश आहे. बरेच जण २४५ कोंबतात, घड्याळावर थोडा फायदा होतोही, पण टायरचा पोट बाहेर आणि कडा आत अशी चिमटलेली स्थिती होते आणि स्टिअरिंग लोण्यासारखं लागतं. मला नाही आवडत.

८६ ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, आणि वळणात गाडी झुकली की पुढचं बाहेरचं चाक कडेवर उभं राहतं. अलाइनमेंट कंपनीची तशीच ठेवलीत तर महागडा टायर बाहेरच्या कडेने गोटा होतो आणि आतली नक्षी नवीकोरी राहते, टायर फेकून देताना जीव तुटतो. निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणं, जेवढा नियमात आणि गाडीत मिळतो तेवढा घ्या. ट्रॅकसाठी कॅम्बर प्लेट टाकून तीन डिग्रीच्या आसपास गेलं की टायरचं आयुष्य डोळ्यांनी दिसेल इतकं वाढतं, चारशे-पाचशे डॉलरच्या प्लेटा एका-दोन सेटमध्ये वसूल.

हवेबाबत प्रत्येकाचं वेगळं पुराण असतं. मी गरम टायरला ३३ ते ३५ पीएसआय धरतो आणि तिथनं गाडी काय सांगते ते ऐकतो. टेम्परेचर १० डिग्री फॅरनहाइटने, म्हणजे साडेपाच सेल्सियसने वाढलं की साधारण १ पीएसआय वाढतो, त्यामुळे ट्रॅकला सकाळी पाच-सहा पीएसआय कमी ठेवून सुरुवात करा आणि सेशन संपवून पिटमध्ये आल्या आल्या मोजा, गप्पा नंतर मारा. ऑटोक्रॉसला एवढं तापत नाही. साइडवॉलच्या कडेला खडूने किंवा बूटपॉलिशच्या पांढऱ्या बाटलीने रेघ ओढा, रनवरून आल्यावर रेघ साइडवॉलच्या खालपर्यंत पुसली असेल तर हवा कमी, नक्षीच्या कडेपर्यंतसुद्धा पुसली नसेल तर जास्त. दोन डॉलरचं हत्यार आहे आणि चुकत नाही.

विकत घेताना आणि ठेवताना

१७ इंची मापात चार टायरचे अंदाजे आठशे ते बाराशे डॉलर, आर-एस४ आणि कुम्हो खालच्या बाजूला, ब्रिजस्टोन आणि योकोहामा वरच्या. १५ इंची मियाटावाले यात नशीबवान, १९ इंचीवाल्यांनी किंमत बघायच्या आधी बसून घ्या. सीझन सुरू झाला की लोकप्रिय मापं गायब होतात म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच मागवा. आल्यावर साइडवॉलवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर डिस्काउंटमध्ये मिळाला तर रोडसाठी ठीक, स्पर्धेसाठी मी घेत नाही. रबर पडून पडून कडक होतं.

टायर बसवायला मात्र माणूस शोधून जा. घराजवळच्या एका दुकानात, नाव घेत नाही, त्यांनी एका दिशेनेच फिरायचा टायर उलटा चढवला आणि वर मला समजावत होते की फरक पडत नाही. बाण असतो हो साइडवॉलवर. पॅडॉकमध्ये विचारा, प्रत्येक गावात एक तरी दुकान असतं जिथे रेसवाले जातात.

नवीन टायर आले की पहिल्याच सेशनला जीव काढू नका. पहिल्यांदा मध्यम तापवून मग एक दिवस निवांत पडू द्या, नंतर ते जास्त टिकतात असा सगळ्या जुन्या लोकांचा सल्ला आणि मी तो पाळतो. प्रत्येक वेळी तापून थंड झालं की एक हीट सायकल, आणि नक्षी शिल्लक असूनही पुरेशा सायकली झाल्या की टायर मरतो, दिसतो चांगला पण धरत नाही. ऑटोक्रॉसवाल्यांचा टायर बहुतेक वेळा आधी झिजतो, कधीकधी महिन्यातनं एकदाच ट्रॅकला जाणाऱ्यांचा आधी मरतो.

मिशिगनवाल्यांनो, कॅनडातल्यांनो आणि मिनेसोटावाल्यांनो, थंडी. हे रबर शून्याच्या खाली काचेसारखं होतं, गोठलेल्या गॅरेजमध्ये टायर हलवला, आपटला, गाडी मागेपुढे केली तरी तडे जाऊ शकतात, आणि कंपन्या ते वॉरंटीत धरत नाहीत. मी नोव्हेंबर लागला की चारही चाकं धुऊन, काळ्या पिशवीत गुंडाळून बेसमेंटला नेतो. फर्नेसच्या आणि मोटरच्या जवळ ठेवू नका. देवघराच्या खालच्या कपाटात मावत नाहीत, विचारून झालंय.

आणि हे टायर लावूनच गाडी चालवत ट्रॅकला जायचं का, की ट्रेलर किंवा गाडीत घालून न्यायचे? माझ्या घरापासून जिंजरमॅन अडीच-तीन तास. ट्रेडच्या खाचा कमी आणि उथळ, त्यामुळे हायवेला मुसळधार पाऊस लागला की ताशी ११० किलोमीटरच्या स्पीडला गाडी पाण्यावर तरंगू शकते, आणि अर्धा झिजलेल्या आर-एस४ वर तर नक्कीच. १.६ मिलिमीटर, म्हणजे २/३२ इंच उरलं की कायद्याने टायर संपला, पण पावसाच्या दृष्टीने तो त्याच्या खूप आधी संपलेला असतो. चार चाकं ८६ च्या मागच्या सीट पाडून आत मावतात, टोयोटाने ही गाडी तशीच डिझाइन केली होती म्हणे. एक छोटा जॅक आणि टॉर्क रेंच बरोबर, पोचल्यावर अर्ध्या तासात बदलून होतात. पहिल्या सेशननंतर नट परत टॉर्क रेंचने तपासायचे, हे सगळ्यात महत्त्वाचं.

पुण्याहून भाचा विचारतो, "मामा, मला पाठव ना चार." अरे, पाठवता आले असते तर. भारताने जून २०२० पासून नवीन टायरची आयात परवान्याखाली आणली, शिवाय आयएसआयचा शिक्का लागतो, त्यामुळे असले खास टायर तिकडे सहज मिळत नाहीत. चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना आहे हे ऐकून त्याला फार आशा लागली होती. त्याला मी सांगितलं की तुझ्या मापात जो चांगल्यातला चांगला रोडचा परफॉर्मन्स टायर मिळेल तो घे, अलाइनमेंट नीट कर, हवा मोजत जा, आणि कोइमतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईच्या ट्रॅकला ट्रॅक डे असेल तेव्हा जा. साधा टायर तापला की ओरडेल, तेव्हा एक लॅप हळू घ्यायचा. खडूची रेघ तिकडेही चालते.

या वर्षी माझी ऑर्डर अशी आहे: ऑटोक्रॉसच्या चाकांवर ७१आरएस २२५ मध्ये, ट्रॅकच्या चाकांवर फोर्स. जुने आर-एस४ अजून अर्धे शिल्लक आहेत, नोव्हाय-ट्रॉय भागात कुणाला पहिल्या ट्रॅक डेसाठी १७ इंची, पाच नटवाले, १०० पीसीडीचे (नटांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर) हवे असतील तर चहाच्या बदल्यात घेऊन जा. मॅनेजमेंटचा हुकूम आहे, बेसमेंट रिकामं करायचंय.